समरकंदची भावकी

"काय गं, एवढी काळवंडलीस? डोंगर चढायला गेली होतीस की शेतात खपायला?"

कढीपत्त्याचं झाड आमच्या कुंपणात आणि फांद्या काकूंच्या परसात, त्यामुळे काकूंना बोलायचं असलं की त्यांच्या घरी हमखास फोडणीची वेळ होते. मी दोरीवर कपडे टाकत होते. ट्रेकच्या पँटी कितीही धुतल्या तरी पिवळट धूळ सोडत नव्हत्या.

"ऊन फार लागतं हो काकू तिकडं. आणि वर गेलं की सावलीला झाड नाही."

"गणपतीच्या आत आलीस ते एक बरं केलंस. आता आधी सांग, कोण कोण होतं?"

काकूंची प्रवासवर्णनाची सुरुवात कधीही जागेपासून होत नाही, माणसांपासून होते. मी सांगितलं. ठाण्याच्या दोघी बहिणी, नागपूरचे एक रिटायर्ड इंजिनिअर, पुण्याचं नवीन लग्न झालेलं जोडपं, आणखी पाच-सहाजण, टूरवाल्यांचा एक पोरगा आणि तिकडचा वाटाड्या.

"जोडपं भांडलं का?"

"तंबू लावताना. पण काकू, आधी जागा तर ऐका."

"सांग की. मी काय पळून चाललेय?" काकूंनी एक फांदी खाली ओढली. पानं मात्र तोडली नाहीत.

"आधी ताश्कंद. तिथून रेल्वेनं समरकंद. समरकंदवरून बॉर्डर ओलांडून ताजिकिस्तानात, फान म्हणून डोंगर आहेत तिथं. तिथं चालायचं, आणि मग परत समरकंदला यायचं."

"म्हणजे डोंगर पण आणि शहर पण? लग्नात मुंज उरकल्यासारखं."

"ते नागपूरचे काका अगदी हेच म्हणत होते. ज्याला चालायचंय त्यानं चालावं, ज्याला मिनार बघायचेत त्यानं मिनार बघावेत, हे टूरवाले दोन पॅकेजं एकात चिकटवून पैसे काढतात म्हणाले."

"बरोबरच आहे त्यांचं. ताश्कंद म्हणजे आपल्या शास्त्रीजींचं ना?"

"तेच. 11 जानेवारी 1966 ला तिथंच गेले ते. त्यांचा पुतळा आहे तिथं, आम्ही हार घातला. बाकी ताश्कंद म्हणाल तर रुंद रस्ते आणि झाडं."

ताश्कंद एवढ्यातच उरकलं. काकूंना आत शिरायची घाई होती.

"आणि बॉर्डर कशी असते गं? वाघासारखी?"

"वाघा नाही नि सिंह नाही. समरकंदहून ताजिकिस्तानातलं पेंजीकेंट जेमतेम साठ किलोमीटर. पण 2010 मध्ये दोन्ही देशांचं बिनसलं नि हे नाकं बंद केलं. समरकंदमध्ये ताजिक बोलणारी घरं किती, काकू! आणि साठ किलोमीटरवरच्या नातेवाइकांकडे जायचं तर शेकडो किलोमीटरचा वळसा. 2018 च्या मार्चमध्ये उघडलं. आम्ही गेलो तेव्हा आमच्या पुढं एक आजी होती, दोन्ही हातांत नानचे गठ्ठे. लग्नाला चालली होती भाचीच्या."

"आहेर म्हणून पोळ्या?"

"समरकंदचा नान म्हणजे आपली पोळी नव्हे हो. चांगला जाडजूड, जड, वरून चकचकीत, मधोमध नक्षीचा ठसा आणि तीळ. कितीतरी दिवस टिकतो. आणि तो पालथा ठेवायचा नाही. ठाण्याच्या धाकट्या बहिणीनं ठेवला, तर हॉटेलवाल्या बाईनं काही न बोलता येऊन सुलटा केला."

"मग? आपण नाही का अन्नाला पाय लागला की पाया पडत?" हे काकूंना एकदम पटलं. "पण तिथं तुम्हा शाकाहारी मंडळींचे हाल झाले असतील."

"शहरात फार नाही. टोमॅटो-काकडी-कांद्याची कोशिंबीर, नान, चहा, टरबूज. डोंगरात मात्र रोज शुर्वा, म्हणजे मटणाचं पाणी. आमच्यासाठी बटाटे-गाजरं वेगळी शिजवायचा आचारी. शेवटी माझं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्या ग्रुपनं संपवली. ते नागपूरचे काकासुद्धा, आणि तोंडानं मात्र 'आमच्याकडे चिवडा बरा असतो' म्हणत."

"आगाऊच दिसतायत."

"आगाऊपणा त्यांना महागात पडला. ऐका तर. समरकंदहून बाहेर पडून परत समरकंदला यायचं, म्हणजे उझबेकिस्तानात दोनदा शिरायचं. म्हणून व्हिसा डबल एंट्रीचा लागतो. टूरवाल्यांनी सगळ्यांना सतरांदा सांगितलेलं. काका म्हणाले, मी माझा व्हिसा माझ्या ओळखीच्या एजंटाकडून काढतो, स्वस्त पडतो. त्यानं काढून दिला सिंगल."

काकूंनी फांदी सोडून दिली. ती सटकन वर गेली.

"आणि हे कळलं कधी?"

"नाक्यावर. बाहेर पडताना. तिकडचा शिक्का बसला, ताजिकिस्तानात पाय पडला, आणि आमच्या पोरानं सहज त्यांचा कागद बघितला. काकांचा चेहरा असा झाला, काकू! परतीचं विमान ताश्कंदवरून."

"अगं बाई! मग?"

"मग काय, पेंजीकेंटला गेस्टहाउसवर पोचल्या पोचल्या मोबाइलवरून नवा ई-व्हिसा टाकला. पण दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात. तिथं ना फोन ना नेट. आला की नाही आला, खाली उतरल्याशिवाय कळायचं नाही."

"म्हणजे सगळा डोंगर माणसानं जीव टांगणीला लावून चढला."

"चढले बिचारे. आणि चांगले चढले, सांगते तुम्हाला. त्या टेन्शनमध्ये त्यांचा गुडघा दुखायचा थांबला."

मग काकूंना डोंगर ऐकावाच लागला. मी अर्तूचच्या तळापासून सुरुवात केली, कारण गाडी तिथपर्यंत जाते. सोव्हिएत काळातला गिर्यारोहकांचा तळ, साधारण 2200 मीटरवर. तिथून पुढं सामान गाढवांवर. जुनिपरची म्हातारी झाडं, पिळवटलेल्या बुंध्यांची. तिकडं त्यांना अर्चा म्हणतात. त्यांच्यामधून चढत गेलं की कुलीकलानची तळी. एक नाही, विखुरलेली कितीतरी, आणि पाठीमागं सरळ उभी भिंत. पुढच्या दिवशी अलाउद्दीन खिंड.

"खिलजी तिथंपण?"

"तो नव्हे हो. नाव आहे नुसतं. 3860 मीटर. आपलं कळसूबाई 1646. कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, तरी वर पाचशे मीटर उरतात. चढताना पाच पावलं टाकायची नि थांबायचं. आम्ही दोन महिने रोज अजिंक्यताऱ्यावर सराव केला होता, त्याचं बळ पहिल्या दिवशीच संपलं. आणि उतार चढापेक्षा वाईट. नुसता मुरूम. पाय टाकला की माणूस हातभर खाली."

"आणि संडास?"

मला वाटलंच होतं.

"खड्डा खणायचा आणि भोवती कापडाचा उभा तंबू. वारा सुटला की तंबू एका हातानं धरायचा."

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि कशाला तडफडायला जाता गं? पैसे देऊन?"

"ते गाढववाल्या पोरानंही विचारलं होतं. पंधरा-सोळाचा असेल. शाळा सुरू व्हायच्या आत जेवढे फेरे मिळतील तेवढे मारतो म्हणाला. त्याला मी कंदी पेढा दिला. त्यानं अर्धा खाल्ला, थांबला, आणि अर्धा रुमालात बांधून खिशात टाकला, बहिणीला दाखवायला. आणि मला दुसऱ्या खिशातून काढून एक पांढरी गोटी दिली. कुरुत म्हणतात. दही आटवून, मीठ घालून वाळवलेलं. चावली तर दात हलतील. गालात धरायची आणि चढायचं. काकू, खरं सांगते, खिंड मी त्या गोटीवर चढले."

"राहिलीय का एखादी?"

"आहे की. देते. फ्रिजमध्ये नका ठेवू, त्याला काही होत नाही."

खिंडीपलीकडं अलाउद्दीनची तळी. त्यांच्या रंगाबद्दल मी बोलायला गेले तर काकूंनी "फोटोत बघितला" म्हणून थांबवलं, आणि बरंच केलं. तिथं संध्याकाळी वाटाड्यानं जे सांगितलं ते फोटोत नव्हतं. या सगळ्या तळ्यांचं नि ओढ्यांचं पाणी शेवटी जरफशान नदीला मिळतं, आणि जरफशानच्या पाटांवर समरकंद उभं आहे. ती बाग, ती द्राक्षं, ते टरबूज, सगळं या बर्फाच्या जिवावर. नदी पुढं आमूदर्याला मिळायची म्हणे कधी काळी. आता पाटांनी ती इतकी पिऊन टाकलीय की तिथवर पोचतच नाही.

"म्हणजे आपलं महाबळेश्वर-वाईसारखं," काकू म्हणाल्या. "वर पाऊस, खाली पिकं. यात नवल ते काय?"

"नवल पुढं आहे. पाणी वरून खाली येतं, पण शहरातली माणसं आणि कागद मात्र खालून वर गेलेत."

आता मला हवी ती गोष्ट सांगायची संधी मिळाली होती. समरकंदचे जुने लोक सोग्दी. इकडं चीन, तिकडं इराण, खाली हिंदुस्थान, सगळीकडे यांचे व्यापारी. पेंजीकेंट हे त्यांचंच गाव, नि त्याचे मातीचे पडके वाडे अजून गावाबाहेरच्या टेकाडावर दिसतात. त्या वाड्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. मूळ चित्रं आता बरीचशी सेंट पीटर्सबर्ग नि दुशान्बेच्या संग्रहालयांत आहेत, पण विषय ऐका: बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या त्या दिवाणखान्यांत आपलं पंचतंत्र रंगवलेलं. सिंह आणि ससा!

"विहिरीत उडी मारतो तो सिंह?"

"तोच. तिथल्या शेठजींच्या पोरांनी जेवताना तो बघितलाय."

काकू पहिल्यांदा गप्प झाल्या. नातवाला त्यांनी हीच गोष्ट सांगून कालच भात भरवला असणार.

"712 मध्ये अरबांनी समरकंद घेतलं. पेंजीकेंटचा राजा देवाश्तिच दहा वर्षांनी, 722 मध्ये, आपली माणसं घेऊन वर डोंगरात पळाला. जरफशानच्या काठावर मुग म्हणून डोंगर आहे, त्यावरच्या गढीत शिरला. बरोबर काय नेलं असेल?"

"दागिने."

"कागदपत्रं! दफ्तरच्या दफ्तर. त्याला पकडून मारलं, गढी ओस पडली, आणि दफ्तर तिथंच राहिलं. 1932 मध्ये एका धनगराला तिथं एक टोपली मिळाली. पुढच्या वर्षी मोहीम गेली, नि ऐंशीच्या आसपास कागद निघाले. पत्रं, हिशेब, पावत्या. आणि एक लग्नाचा करार."

"काय म्हणतेस!" काकू कुंपणाला टेकल्या. "काय लिहिलंय त्यात?"

"सन 710 चा आहे. नवऱ्यानं बायकोला अन्न, कपडा, दागिना द्यायचा, घरची मालकीण म्हणून मानानं ठेवायचं. तिच्या मर्जीविरुद्ध दुसरी बायको केली किंवा बाई ठेवली, तर तीस दिरहम दंड. आणि नको असेल तर सोडायची मुभा दोघांनाही. तिलासुद्धा."

"बाराशे वर्षांपूर्वी?"

"तेराशे."

"तीस दिरहम म्हणजे कमीच झाले," काकू म्हणाल्या, "पण लिहून घेतलं हे महत्त्वाचं. आमच्या वेळी बघायला आले तेव्हा साडीचा रंगसुद्धा कुणी लिहून दिला नाही. पुढं?"

"पुढं असं की सोग्दी भाषा खाली शहरात मेली. फारसी आली, तुर्की आली. पण फानच्या शेजारी यग्नोब म्हणून एक आडवळणी दरी आहे, तिथले लोक आजही तिच्याच पोटातली भाषा बोलतात. दरी इतकी अडचणीची, की हिवाळ्यात महिनोन्‌महिने कुणी आत जात नाही, कुणी बाहेर येत नाही. त्यामुळं टिकली. आमचा वाटाड्या म्हणाला, तुम्हाला समरकंदचं जुनं बोलणं ऐकायचंय ना, मग शहरात कशाला विचारता, इथं वर विचारा."

"बरं झालं. कुणी नाही गेलं ना त्यांच्या वाटेला?"

"गेले की. 1970 मध्ये सोव्हिएत सरकारनं अख्खी दरी रिकामी केली. हेलिकॉप्टरं आणली, माणसं भरली, आणि खाली कापसाच्या शेतात नेऊन टाकली. थंड डोंगरातली माणसं ती, उकाड्यात किती मेली. गावं पाडली. पुढं दहा-पंधरा वर्षांनी काही घरं आपली आपण चालत परत वर गेली."

"आपल्याकडं कोयनेला तेच झालं," काकू म्हणाल्या. "माझं माहेर बामणोली बाजूचं. अर्धं गाव धरणात, अर्धं कुठं कुठं गेलं. परत चालत यायला जमीन तरी होती त्यांची. आमची पाण्याखाली."

यावर मी काय बोलणार? दोन चिमटे लावले. काकूंनीच विषय सोडला.

"आता तुझं ते शहर सांग. तैमूरलंगाचं ना?"

समरकंद काकूंना कसं सांगायचं याचा मी विमानातच विचार करून ठेवला होता. रेगिस्तानचा चौक, तीन बाजूंना तीन मदरसे, निळ्या टाइल्स, हे सांगितलं असतं तर "फोटोत बघितलं" आलं असतं. म्हणून मी बीबी खानमपासून सुरुवात केली.

"तैमूरनं 1398 मध्ये दिल्ली लुटली. परत जाताना इथले पाथरवट धरून नेले. त्यांच्याकडून समरकंदला एवढी मोठी मशीद बांधून घेतली, की घाईघाईत बांधल्यामुळं लवकरच वरून विटा पडायला लागल्या, नमाजाला आलेल्यांच्या डोक्यावर. आता बीबी खानम त्याची थोरली बायको. तिथले लोक सांगतात, तैमूर लढाईवर गेला असताना तीच बांधून घेत होती आणि बांधणारा तिच्या प्रेमात पडला. काम अडवून बसला. म्हणाला, एक मुका दे तरच कमान पुरी करतो."

"आणि हिनं दिला?"

"गालावर. मध्ये हात धरून. तर हातातून गालावर डाग उठला, आणि नवरा घरी आला."

"पुरुष सगळीकडे सारखे, आणि कंत्राटदार तर त्याहून," काकू म्हणाल्या. "खरं आहे हे?"

"छे. इतिहासात काही नाही असलं. पण तिथं प्रत्येक गाइड सांगतो, नि बायका माना हलवतात. खरं हवं असेल तर तैमूरच्या नातवाचं ऐका. उलुगबेग. राज्य आजोबाचं, पण याचं लक्ष आकाशात. वेधशाळा बांधली, हजारावर ताऱ्यांची यादी केली. जमिनीत खोल उतरणारा संगमरवरी कमानीचा तुकडा अजून आहे, 1908 मध्ये सापडला. मी वाकून बघितला, अंश खोदलेले दिसतात दगडात. जयपूरचं जंतरमंतर बांधणाऱ्या जयसिंगानं याचीच कोष्टकं समोर ठेवली होती. तर अशा माणसाचं काय झालं? 1449 मध्ये हजला निघाला असताना मुलानं मुंडकं उडवायला लावलं."

"पोटच्या पोरानं?"

"पोटच्या. 1941 मध्ये रशियनांनी थडगं उघडलं, तर सांगाडा खरंच मुंडकं वेगळं झालेला. तैमूरचंही उघडलं, तो खरंच लंगडा निघाला. आणि ते उघडलं नि त्याच आठवड्यात हिटलरनं रशियावर हल्ला केला. तिथले लोक अजून म्हणतात, थडग्याला हात लावायला नको होता."

"नकोच होता. आणि त्या पोराचं काय झालं?"

"सहा महिन्यांत त्यालाही मारलं."

"बरं झालं. मग घर कुणाकडं गेलं?"

काकूंनी 'राज्य' म्हटलं नाही, 'घर' म्हटलं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक वाटणीचा त्यांना जो अभ्यास आहे, त्यात हे सहज बसत होतं.

"वर्षभर मारामाऱ्या झाल्या आणि मग गेलं चुलत शाखेकडं. अबू सईद म्हणून. त्याचा नातू बाबर."

"आपला बाबर?"

"आपला कसला! पण तोच. त्याचा सगळा जीव समरकंदमध्ये. चौदा-पंधराचा होता तेव्हा जिंकलं, शंभर दिवसांत गेलं. पुन्हा घेतलं, नि 1501 मध्ये शैबानीखानानं पुन्हा हिसकावलं. याला रातोरात बाहेर पडावं लागलं, थोरली बहीण खानाच्या हाती लागली. मग हा त्याच मुलखातल्या डोंगरांत, मेंढपाळांच्या गावांत हिवाळाभर भटकला. अनवाणी. स्वतःच लिहून ठेवलंय, पायांना दगड लागेनासे झाले म्हणून. तिथं एका पाटलाच्या घरी उतरला होता. त्या पाटलाची आई एकशे अकरा वर्षांची."

"शुद्धीवर होती?"

"चांगली. तिचा कुणी नातेवाईक तैमूरच्या फौजेतून हिंदुस्थानात जाऊन आला होता. म्हातारी त्या गोष्टी सांगायची, आणि हा बसून ऐकायचा."

"अस्सं!" काकूंनी कुंपणावर थाप मारली. "म्हणजे म्हातारीनं डोक्यात भरवलं."

"असं त्यानं लिहिलेलं नाही हो."

"लिहिलं नसेल. पण मला सांग, घर गेलंय, बहीण गेलीय, पायांत वहाण नाही, आणि समोर एक बाई सांगतेय की पलीकडं अमकं आहे नि ढमकं आहे. पोरगा काय करील?"

इतिहासकारांनी काय म्हणायचं ते म्हणोत. मला काकूंचं म्हणणं खोडून काढता आलं नाही.

"समरकंद काही त्याला शेवटपर्यंत टिकवता आलं नाही," मी म्हटलं. "म्हणून काबूल, म्हणून दिल्ली. आणि त्याच्यापासून सहाव्या पिढीचा औरंगजेब, ऐंशी ओलांडलेला, 1699 च्या डिसेंबरात इथं करंज्याला तंबू ठोकून बसला. अजिंक्यताऱ्याला वेढा घालून."

काकूंनी मान वळवून किल्ल्याकडं बघितलं. ढगात होता. "आमच्या आत्याबाई मंगळाई बुरुजाचं सांगायच्या. सुरुंग उलटला आणि औरंगजेबाचीच माणसं गाडली गेली."

"तेच ते. किल्ला एप्रिलपर्यंत लढला."

"बघ म्हणजे! भांडण समरकंदच्या भावकीचं, आणि निस्तरायचं साताऱ्यानं." काकूंनी शेवटी कढीपत्त्याच्या दोन काड्या मोडल्या आणि पदरात टाकल्या. घरातून त्यांच्या कुकरची तिसरी शिट्टी ऐकू आली. "थांब, गॅस बंद करून येते. आणि त्या नागपूरवाल्यांचं राहिलंच. व्हिसा आला का?"

"आला. पेंजीकेंटला खाली उतरल्यावर मोबाइलला रेंज आली आणि पहिला मेसेज तोच. काकांनी सगळ्यांना चहा पाजला."

"आणि पॅकेज चिकटवल्याचं?"

"त्याबद्दल बोलले नाहीत काही. पण पुढच्या वर्षी टूरवाले यग्नोबला नेणार आहेत, त्याला पहिलं नाव त्यांचंच. आणि व्हिसा म्हणे याही वेळी तो ओळखीचा एजंटच काढणार आहे."